पिंपावरचा कागद

नमस्कार, श्रोतेहो.

पाणीटंचाईच्या गावांत दारोदारी निळी पिंपं दिसतात. भंगारवाल्याकडून आणलेली. आधी आत काय होतं ते कोणी विचारत नाही. वास जाईपर्यंत धुतात आणि पाणी भरतात. त्या पिंपावर एकेकाळी एक कागद चिकटवलेला होता. आज त्या कागदाविषयी, म्हणजे लेबलाविषयी, आणि मुख्यतः एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांशी बोलायचं आहे.

भोपाळला डिसेंबर 1984 मध्ये ज्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन सुटलं, तिच्यात सुमारे 40 टन साठा होता. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली 1989 चे घातक रसायनांचे नियम. त्यांत याच रसायनाची मर्यादा आहे 150 किलो! तेवढा साठा असला की जागेची नोंद, सुरक्षा अहवाल, आणीबाणीचा आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा सराव, असं सगळं मागे लागतं.

"आमचा माल थोडा, आम्हाला काय लागू?" असं छोटे कारखानदार म्हणतात. अमोनियाची मर्यादा कितीतरी टनांची आहे, त्यामुळे बर्फाचा कारखाना बहुधा तिच्या आतच राहतो. पण लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, यांना टनाचा हिशेब नाही. पिंपात काय आहे, ते कोणी बनवलं किंवा आयात केलं आणि त्याचे गुणधर्म काय, हे पिंपावर असलंच पाहिजे.

युरोपात 2007 पासून 'रीच' हा रसायनांच्या नोंदणीचा कायदा आहे. वर्षाला एक टन किंवा जास्त माल असेल तर हेलसिंकीच्या युरोपीय रसायन संस्थेकडे नोंदणी, नाहीतर बाजार बंद. आपल्या लोटे-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या निर्यातदाराला ही नोंदणी स्वतः करता येत नाही. तिथला आयातदार किंवा नेमलेला प्रतिनिधी करतो. आपल्याकडे तशा नियमांचा मसुदा 2020 साली चर्चेला आला. गंमत बघा, परदेशी गिऱ्हाइकासाठी जाडजूड फाइल तयार असते आणि पिंप ढकलणाऱ्या आपल्याच कामगाराला आत काय आहे ते ठाऊक नसतं.

एसडीएस असतं, पण इंग्रजीत आणि मॅनेजरच्या कपाटात. निदान त्यातला प्रथमोपचाराचा भाग मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत गोदामाच्या भिंतीवर रंगवून घ्या. पेंटर एका दिवसात करून देईल. आणि पिंपातून काढलेलं रसायन कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. रात्रपाळीला तहान लागलेला माणूस बाटली हुंगून बघत नाही.

नमस्कार.