चर्च ओढून नेलं तेव्हा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. आज मला आमच्या एका ट्रीपबद्दल बोलायचंय, म्हणजे फिरायला नव्हतो गेलो, मी आणि आमचे हे, दोघांनी मिळून एक चर्च पेनसिल्व्हेनियाहून नेवाड्याला नेऊन पोचवलं. हो, अख्खं चर्च, ५३ फुटी ट्रेलरमधलं.

ट्रेलरमध्ये चर्च कशाला असं वाटलं असेल ना. आमचे हे बरीच वर्षं अमेरिकेत ट्रक चालवतात, आणि ट्रकवाल्याला रविवारच नसतो हो. नगरला आम्ही सगळं घर मिळून उपासनेला जायचो, इथे मी कितीतरी रविवार एकटीच गेलेय. कायद्याने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, तीही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, मग सलग १० तास सुट्टी, आणि हा हिशोब ट्रकमधलं मशीनच ठेवतं, त्यामुळे सुट्टी लागेल तिथे लागते, कुठल्यातरी ट्रकस्टॉपवर, रात्री दोनला सुद्धा. आणि समजा रविवारी सकाळी मोकळा असला तरी एवढं धूड गावातल्या चर्चच्या पार्किंगमध्ये घालणार कसं? म्हणून चर्चच ट्रकस्टॉपवर जाऊन उभं राहतं. ट्रान्सपोर्ट फॉर ख्राइस्ट नावाची संस्था, आता तिला टीएफसी ग्लोबल म्हणतात, १९५१ पासून ट्रकवाल्यांमध्ये काम करतेय, आणि अशी चॅपल्स, म्हणजे छोटी चर्चेस, आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. आमच्या ट्रेलरला खिडक्या पाडलेल्या, आत बाकं, पुढे लाकडी क्रूस, मागे चॅप्लेनची, म्हणजे तिथल्या पाळकांची, छोटी खोली.

रस्ता म्हणजे सरळ इंटरस्टेट ८० हा हायवे, म्हणजेच आय-८०. ओहायो, इंडियाना, इलिनॉय भराभर गेलं, आयोवात वॉलकॉटचा तो प्रचंड ट्रकस्टॉप लागला, तिथे ट्रकवाल्यांसाठी दाताचा डॉक्टर आणि न्हावी सुद्धा आहे, मला फार बरं वाटलं बघून. नेब्रास्का मात्र साडेचारशे मैल, संपता संपेना.

मग वायोमिंग. शायेन सोडलं की रस्ता ८,६४० फुटांवर चढतो, अख्ख्या आय-८० वरची सगळ्यात उंच जागा, आणि पलीकडे लॅरमीला उतरलो तर बोर्डावर लिहिलेलं, वाऱ्यामुळे पुढचा रस्ता हलक्या आणि उंच गाड्यांना बंद. भरलेला ट्रक ३६ टनांपर्यंत असतो, तो जरा तरी टिकतो, आमच्या ट्रेलरमध्ये काय, बाकं आणि बायबलं. ह्यांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, "थांबायचं. हे आडवं झालं तर कुणाच्या कामाचं राहणार नाही."

थांबलो. रात्रभर केबिन पाळण्यासारखी हलत होती, मला झोप नाही. पहाटे दारावर टकटक. एक वयस्कर ड्रायव्हर, ट्रेलरवरचा क्रूस बघून आलेला, म्हणाला चर्च उघडं आहे का. त्याची आई हॉस्पिटलमध्ये होती आणि तो मधे अडकलेला, ना पुढे ना मागे. आम्ही काही पाळक नाही हो, पण नाही कसं म्हणणार. ह्यांनी कुलूप काढलं, बाकांवरचं प्लॅस्टिक मी ओढून काढलं, आणि ह्यांनी त्याच्या आईसाठी प्रार्थना केली, आधी इंग्लिशमध्ये, मग शब्द सुचेनात म्हणून मराठीत. तो आमेन म्हणाला. उजेड दिसला म्हणून आणखी तिघं आले, त्यात एक पंजाबी पाजी, डोक्यावर पगडी, ते मागच्या बाकावर हात जोडून शांत बसले, आणि जाताना आम्हाला फॉइलमध्ये गुंडाळलेले आलूपराठे देऊन गेले. गरम होते अजून.

दुपारी वारा पडला, रस्ता उघडला. पुढे युटाचं ते पांढरंशुभ्र मिठाचं मैदान, मग नेवाडा.

ट्रकस्टॉपच्या कोपऱ्यात जागा ठरलेली होती. ट्रेलरचे पाय खाली सोडले, ह्यांनी आपला ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचा पुढचा इंजिनाचा भाग, सोडवला, मी केर काढायला आत गेले तर बाकांखाली सगळा लॅरमीचा चिखल, बुटांचा. तेवढ्यात तिथले चॅप्लेन आले, आत नजर फिरवून म्हणाले, अजून कोणी बसलेलं नाही ना इथे?

मी म्हटलं, बसलेत की, चौघं.