चाक फिरवणारा माणूस

मित्रहो, १९४२चा हॉलिवुडपट ‘कॅसाब्लांका’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला रुलेटचा प्रसंग आठवा. बल्गेरियातून पळून आलेलं एक कोवळं जोडपं आहे. अमेरिकेला जायचा परवाना हवाय आणि पैसे नाहीत, म्हणून तो नवरा जुगारावर शेवटची पुंजी लावून बसलाय. क्लबचा मालक रिक मागे येऊन उभा राहतो आणि म्हणतो, बावीस नंबर लावून पाहिलास का? मग चाक फिरवणाऱ्याकडे एक नजर टाकतो. चाक फिरतं, बावीस येतो. पैसे तिथेच राहू दे, असं रिक सांगतो. पुन्हा बावीस! सगळे पैसे उचल आणि परत इकडे फिरकू नकोस, असं बजावून तो निघून जातो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फक्त रिक झालेल्या हंफ्री बोगार्टकडे पाहत होतो. आज मात्र त्या चाकामागच्या माणसाबद्दल बोलायचंय. बुटका, मोठ्या डोळ्यांचा, काळ्या सुटातला. आज किती कमाई झाली असं मालक विचारतो, तेव्हा तो म्हणतो, वाटलं होतं त्यापेक्षा दोनेक हजार कमी. एवढंसं वाक्य. पोलीसप्रमुख जुगार चालतो म्हणून धक्का बसल्याचा आव आणून क्लब बंद करतो आणि त्याच क्षणी त्याच्या हातात जिंकलेले पैसे ठेवले जातात, ते ठेवणाराही हाच. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. नाव होतं मार्सेल दालियो. आणि तीनच वर्षांपूर्वी हा माणूस फ्रान्समधल्या एका मोठ्या चित्रपटात महालाचा मालक होता.

दालियोचं जन्मनाव इस्राएल मोशे ब्लाउशील्ड. रोमेनियाहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, जन्म पॅरिसचा. रंगमंचावर, कॅबरेमध्ये उमेदवारी करून तो सिनेमात आला, पण तिथे त्याला कामं मिळायची ती एका साच्यातली. चुगलखोर, दगाबाज, परका. १९३७च्या ‘पेपे ल मोको’मध्ये झाँ गाबँ अल्जियर्सच्या कस्बा या जुन्या वस्तीतला दिमाखदार दरोडेखोर आहे आणि दालियो पोलिसांचा खबऱ्या. तो पॅरिसमध्ये जन्मलेला होता, पण पडद्यावरच्या फ्रान्समध्ये तो ‘आपला’ नव्हता.

हा साचा मोडला तो झाँ रेन्वार या दिग्दर्शकाने. त्याच वर्षी ‘ला ग्रांद इल्युजियों’ आला. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी, जर्मन तुरुंग. दालियो त्यात रोझेंताल नावाचा श्रीमंत ज्यू लेफ्टनंट आहे. घरून आलेल्या खाऊच्या पेट्या तो सगळ्यांत वाटतो. पुढे तो आणि गाबँ तुरुंगातून पळतात. बर्फातून चालताना रोझेंतालचा पाय मुरगळतो, भूक असते, दोघं एकमेकांवर तुटून पडतात. गाबँच्या तोंडून निघून जातं की ज्यू मला कधीच आवडले नाहीत. तो ताडताड पुढे जातो. मागे राहिलेला दालियो रडवेल्या, संतापलेल्या आवाजात लहान मुलांचं एक गलबताचं गाणं म्हणू लागतो. पुढे चालणारा गाबँही नकळत तेच गुणगुणतो, गाण्यातल्या एका ओळीशी थांबतो, आणि परत येतो. माफी नाही, मिठी नाही. तो त्याला आधार देतो आणि दोघं चालू लागतात. हा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी माझा गळा भरून येतो.

दोन वर्षांनी रेन्वारने त्याला ‘ला रेग्ल द्यु ज्यू’मध्ये थेट मार्की केलं. सरदारघराणं, जंगल, शिकार, नोकरचाकर. यंत्रावर चालणाऱ्या जुन्या खेळण्यांचा शौकीन असलेला हा मार्की पाहुण्यांसमोर आपलं सर्वांत मोठं वाद्ययंत्र उघडून दाखवतो, तेव्हा कॅमेरा त्या यंत्रातल्या बाहुल्यांवरून सरकत त्याच्या चेहऱ्यावर येतो. अभिमान आहे, ओशाळलेपण आहे, सगळ्यांना आवडलं ना अशी लहान मुलाची धाकधूक आहे. एकही शब्द नाही.

याच चित्रपटात स्वयंपाकघरात जेवायला बसलेले नोकर धन्याची जात काढतात. याच्या आईचा बाप फ्रँकफर्टहून आलेला, आडनाव रोझेंताल! म्हणजे दिग्दर्शकाने मागच्या चित्रपटातलं नाव मुद्दाम इथे आणून ठेवलंय. त्यावर आचारी म्हणतो, उपरा असेल, पण त्यानं मला बोलावून बटाट्याच्या सॅलडवरून झापलं. बटाटे कढत असतानाच त्यावर वाइन ओतायला हवी होती, बोटं भाजतील म्हणून माझ्या माणसानं ती ओतली नाही, आणि हे त्याला चवीवरून कळलं. याला म्हणतात खानदानी माणूस. आचाऱ्याने दिलेलं हे प्रमाणपत्र मला फार मोलाचं वाटतं. पॅरिसच्या प्रेक्षकांनी मात्र ते दिलं नाही. जुलै १९३९मध्ये चित्रपट लागला तेव्हा लोक खवळले, आणि ज्यू नटाला फ्रेंच सरदार केल्याचा राग त्यात होताच. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने त्यावर बंदी घातली.

जून १९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्याआधीच दालियो आणि त्याची तरुण पत्नी, नटी मादलेन लबो, शहरातून निसटले होते. दोघं लिस्बनला पोचले. तिथून ‘क्वांझा’ नावाच्या पोर्तुगीज बोटीने निघाले, खिशात चिलीचे व्हिसा. मेक्सिकोला पोचल्यावर कळलं की ते व्हिसा बनावट आहेत! शेवटी कॅनडाच्या तात्पुरत्या पासपोर्टवर ते अमेरिकेत शिरले. आणि मागे, व्यापलेल्या फ्रान्समध्ये, जर्मनांनी भिंतींवर पोस्टरं लावली. ज्यू कसा ओळखावा हे लोकांना कळावं म्हणून त्यावर चेहरा छापला होता दालियोचा. त्याचे आईवडील नाझींच्या छळछावणीत संपले.

आता पुन्हा त्या बावीस नंबरकडे या. परवान्यासाठी जुगार खेळणारा तरुण पडद्यावर आहे, आणि खोट्या कागदांवर समुद्र ओलांडलेला माणूस चाक फिरवतोय. त्या तरुणाचं काम करणारा हेल्मुट डँटीन ऑस्ट्रियाचा. नाझींनी त्यालाही डांबलं होतं. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून आलेला. प्रेमळ वेटर झालेल्या एस. झेड. साकालच्या बहिणी छावण्यांत गेल्या. क्लबमध्ये ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना डोळे भरून आलेली ती तरुणी म्हणजे मादलेन लबो. चित्रीकरण चालू असतानाच, १९४२च्या जूनमध्ये, दालियोने घटस्फोटाचा अर्ज केला होता. दोघं एकाच चित्रपटात काम करत होते.

हॉलिवुडमध्ये त्याला मोठी भूमिका मिळाली नाही. पण एक गोष्ट मला सारखी जाणवते, आणि तीच सांगायला मी इथे उभा आहे. फ्रान्समध्ये ज्याला परका ठरवलं, तो अमेरिकेत पोचल्यावर साक्षात फ्रान्स झाला. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मध्ये मार्टिनिकच्या हॉटेलचा मालक, फ्रान्सच्या स्वातंत्र्यासाठी धडपडणारा. त्याला सगळे हाक मारतात तीच मुळी ‘फ्रेंची’! १९४४च्या ‘विल्सन’मध्ये तो फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो झाला. त्याच क्लेमांसोच्या वृत्तपत्राने १८९८मध्ये देशद्रोहाचा खोटा आरोप झालेल्या ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याच्या बाजूने लेखक एमिल झोलाचं पत्र पहिल्या पानावर छापलं होतं. ती भूमिका इस्राएल ब्लाउशील्डच्या वाट्याला यावी, याचा आनंद मला आजही होतो.

पुढे ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये पॅरिसचा न्यायाधीश. ‘डोनोव्हन्स रीफ’मध्ये गळक्या छपराच्या चर्चचा कॅथलिक पाद्री. १९५५मध्ये ‘कॅसाब्लांका’वर दूरदर्शन मालिका निघाली, तिच्यात तर तो पोलीसप्रमुखच झाला. म्हणजे तेरा वर्षांपूर्वी ज्याच्या हातात पैसे ठेवले, त्याच्याच खुर्चीत.

माझी सर्वांत आवडती भूमिका ‘सॅब्रिना’तली. पाककलेच्या वर्गात ऑड्री हेपबर्नचा सुफ्ले फुगत नाही. शेजारचा म्हातारा सरदार तिला हळूच सांगतो, बाई प्रेमात सुखी असेल तर सुफ्ले करपवते, दुःखी असेल तर ओव्हन लावायलाच विसरते. मिनिटभराचं काम. पण बघा, बटाट्याच्या सॅलडची चूक चवीवरून ओळखणारा तो मार्कीच इथे पांढऱ्या केसांनी परत आलाय. दालियो ओव्हनची चूक दाखवून देतो, आणि त्या मुलीचं दुःखही ओळखतो. छोट्या भूमिकेत मागचा सगळा माणूस कसा आणायचा, हे शिकायचं असेल त्यांनी हा तुकडा पुन्हापुन्हा पाहावा.

युद्धानंतर तो मायदेशी जाऊन काम करू लागला, आणि पुढे कधी इकडे, कधी तिकडे, असं अखेरपर्यंत चालू राहिलं. १९५९मध्ये ‘ला रेग्ल द्यु ज्यू’ तुकडे जुळवून पुन्हा उभा केला गेला, आणि आज जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांत त्याची गणना होते. ‘कॅच-२२’मध्ये तो रोममधल्या कुंटणखान्यातला जख्ख म्हातारा आहे. कोवळ्या अमेरिकी सैनिकाला सांगतो, तुमचा बलाढ्य देश संपेल, हरणारा इटली टिकून राहील.

आणि मग १९७३. ‘राबी जाकोब’ नावाचा धमाल फ्रेंच विनोदी चित्रपट. लुई द फ्युनेस त्यात ज्यू धर्मगुरूचं सोंग घेऊन पळतो, पण खरा धर्मगुरू वेगळाच आहे. तीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, सगळ्यांचा लाडका म्हातारा. चित्रपट सुरू होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या गल्लीत लोक त्याला निरोप द्यायला जमलेत, नाचतायत. दाढीवाला म्हातारा मोटारीत बसतो. त्याला विमान गाठायचंय, पॅरिसचं. तो दालियो आहे.