त्रेचाळीस आणि चौतीस

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नसतील तर चपात्या लाटता लाटता ऐका, काही बिघडत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते, आणि रेडिओ केंद्रावरनं मला सांगितलंय की बाई, दिवाळीनंतरच्या सत्रात बारकी पोरं शाळेत नेमकं काय शिकतायत ते जरा पालकांना सांगा.

आता पहिली ते चौथी सगळं सांगत बसले तर रात्र जाईल. थोडक्यात बोलायचं तर पहिलीवाली काना, मात्रा, वेलांटी यातनं बाहेर पडून छोटी छोटी वाक्यं वाचायला लागलीत, दुसरीला जोडाक्षरं, हातच्याची बेरीज आणि घड्याळ आहे, तिसरीला आपला कोल्हापूर जिल्हा आहे, बारा तालुके, गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत, आणि चौथीला शिवछत्रपती. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आला की आमची पोरं एकदम ताठ बसतात, कारण वर्गाच्या खिडकीतनं पन्हाळा दिसतोय, पुस्तकातला डोंगर खिडकीत म्हटल्यावर बाईंना फार काही बोलावं लागत नाही.

जाता जाता एक सांगते, तो पन्हाळा थर्माकोलचा करून आणू नका. म्हणजे पोरांनी मातीचा वाकडातिकडा केला तर आणा, हौसेनं ठेवीन वर्गात. पण बाबांनी रात्री बारापर्यंत जागून केलेला, वर लायटिंग लावलेला पन्हाळा बघून मी मार्क कुणाला द्यायचे, बाबांना? असो.

मी आज फक्त दुसरीच्या एका गोष्टीवर बोलणार आहे. दोन अंकी आकडे. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, एक ते शंभर तर बालवाडीतच घडाघडा म्हणत होता. म्हणत असतंय हो, म्हणायला काय, आरती पण म्हणत असतंय. लिहायला सांगा. त्रेचाळीस लिही म्हणा. दहातली तीन-चार तरी चौतीस लिहून दाखवतील, आणि तुम्ही त्याच्या डोक्यात टपली माराल की लक्ष कुठं असतंय तुझं. ती टपली मारू नका. त्याचं लक्ष असतंय, उलट फार लक्ष असतंय, म्हणूनच चुकतंय. कसं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, साधारण याच दिवसांतली, ऊसतोड जोरात, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. दुपारच्या सुट्टीत माझ्या वर्गातली एक पोरगी, नाव नको, आपण छकुली म्हणू, पाण्याच्या टाकीजवळ घसरली आणि हनुवटी कट्ट्यावर आपटली. रक्त बघून मीच गार. हळद दाबली, रुमाल बांधला, आणि आमच्या दुसऱ्या बाई तिला घेऊन आरोग्य केंद्रात निघणार, तोवर मी घरी कळवावं म्हणून रजिस्टरमधला नंबर लावला, तर तो बंद. हे आणि एक, सिम कार्ड बदललं की शाळेला कळवा हो, तीन-तीन महिन्यांनी नंबर बदलताय आणि मग बाईंनी फोनच केला नाही म्हणून भांडायला येताय.

तर छकुलीला विचारलं, पप्पांचा नंबर येतो का गं? मान हलवली. येतो! पण सांगणार कशी, हनुवटीला रुमाल करकचून बांधलेला, तोंड उघडलं की रडू आणि रक्त दोन्ही. मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, पेन्सिल दिली. आणि त्या पोरीनं, एका हातानं रुमाल धरून, मुसमुसत, दहाच्या दहा आकडे लिहिले की हो! प्रत्येक जोडीनंतर थोडी जागा सोडून, जसं आईनं पाठ करून घेतलं असेल तसं. एका कोपऱ्यात रक्ताचा ठिपका पडलेला. ते पान अजून आहे माझ्याकडं.

मी नंबर लावला. पलीकडनं एक दमदार आवाज, मागं हा गलका. "हॅलो, बोला!" मी म्हटलं, छकुलीचे पप्पा का? "न्हाई ओ, राँग नंबर." ठेवला. मला वाटलं घाईत माझंच बोट चुकलं, परत लावला, परत तोच आवाज. तिसऱ्यांदा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत लावला. तोच! आता तो माणूस म्हणाला, "बाई, हितं गुळाचं सौदं चालू हैत, तुमी तीन येळा फोन केलायसा, झालंय काय?" मी सांगितलं, शाळेतनं बोलतेय, पोरगीला लागलंय, तिनं हाच नंबर लिहून दिलाय.

तर मंडळी, दुसरं कोण असतं तर फोन ठेवला असता. हे गृहस्थ मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. दिवसभर आकडे ऐकायचे आणि मांडायचे, हाच धंदा. म्हणाले, "थांबा, जरा भाईर येतो." गलका कमी झाला. "आता तुमी नंबर वाचा बघू मला. सुटा सुटा नको, जोडीजोडीनं वाचा." मी वाचायला लागले. सगळा नंबर काय रेडिओवर सांगणार नाही, पण मधल्या जोड्या अशा होत्या, चौतीस, मग बहात्तर, मग चव्वेचाळीस.

ते म्हणाले, "पोरगी कितवीला?"

म्हटलं दुसरीला.

"मग उलटं करा की बाई! चौतीसचं त्रेचाळीस करा, बहात्तरचं सत्तावीस करा, चव्वेचाळीस ऱ्हाऊ द्या, ते बिचारं दोन्हीकडनं सारखंच."

मी म्हटलं, तुम्हाला कसं काय कळलं? तर म्हणाले, "आमच्याकडं काट्यावर मांडायला एक नवीन पोरगं ठेवलंय, बारावी झालेलं. सदतीस रवं, म्हंजे गुळाच्या ढेपा, म्हणून वरडलं की त्र्याहत्तर मांडतंय. परवा मालक लालभडक आणि शेतकरी खूश! पलीकडं निपाणीचं व्यापारी येत्यात, ती कानडीत बोलत्यात, नलवत्तमूरु, म्हंजे आधी चाळीस मग तीन, त्यात कसला घोळच न्हाई. घोळ सगळा आपल्या मराठीत. लावा आता उलटा नंबर, पोरगीला बघा, मी ठेवतो."

उलटा लावला. पहिल्या रिंगला बाप! ऊस भरलेल्या ट्रॉलीवरनं बोलत होता. पंधरा मिनिटांत मोटारसायकलनं आरोग्य केंद्रावर हजर, अंगाला सगळं पाचट चिकटलेलं. दोन टाके पडले, बाकी काही नाही. आणि संध्याकाळी चार-साडेचारला माझा फोन वाजला. तेच गृहस्थ. "सौदं संपलं, म्हटलं इचारावं, पोरगी बरी हाय न्हवं?"

खरी गंमत पुढं आहे. चार दिवसांनी छकुली शाळेत आली, हनुवटीला पट्टी. मी ते कॅलेंडरचं पान काढलं आणि जवळ बसवून विचारलं, बाळ, त्रेचाळीसला तू असं का लिहिलंस? तिनं माझ्याकडं अशी बघितली, जणू बाईंनाच येत नाही. म्हणाली, "बाई, आई आधी 'त्रे' म्हणते, म्हणून मी आधी तीन लिहिला. मग 'चाळीस' म्हणते, म्हणून मग चार लिहिला."

आता सांगा, काय चूक आहे यात? कानानं जसं ऐकलं त्याच क्रमानं हातानं लिहिलं. मराठीतच त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो आणि चाळीस मागनं, आणि लिहिताना मात्र चार आधी. म्हणून मी वर्गात एक वाक्यच करून टाकलंय, तुम्ही पण घरी म्हणा. आधी ऐकू येतो एकक, पण आधी लिहायचा दशक. परत सांगते, भाजी फोडणीला टाकताना निसटलं असेल. आधी ऐकू येतो एकक, पण आधी लिहायचा दशक.

आणि करायचं कसं, तर पाटीवर दोन चौकोन काढायचे. पोराला त्रेचाळीस ऐकू आलं की तीन लिहू दे पहिल्यांदा, अडवू नका, फक्त उजव्या चौकोनात लिहू दे, डावी खुर्ची मोकळी ठेवायची, दशक मागनं येणार आहे पाहुण्यासारखा. मग चाळीस ऐकू आलं की चार डाव्या खुर्चीत. महिन्याभरात चौकोन लागत नाहीत.

हे दुखणं काय आजचं नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर वीस एक, बावन्नबरोबर पन्नास दोन असं दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, व्हॉट्सॲपवर नुसते विनोद. गणिताच्या त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या पत्नी, स्वतः गणितज्ञ. त्या परोपरीनं सांगत होत्या की बारक्या पोरांना ही जोडाक्षरं आणि उलटा क्रम अवघड जातो. ऐकायला कुणाला वेळ? मला विचाराल तर मला पण त्र्याहत्तर सोडून सत्तर तीन म्हणायला नको वाटतं, कानाला गोड लागत नाही, पण हसणाऱ्यांपैकी एकानं तरी दुसरीच्या वर्गात तासभर बसायचं होतं. आणि काही पालक म्हणतात म्हणून इंग्लिश मिडियमला घातलं, फोर्टी थ्री, सरळ. बरं, मग थर्टीन? त्यात पण तीनच आधी आहे की. जर्मन लोक तर अजून तीन आणि चाळीस असंच म्हणतात, आणि गाड्या चांगल्या बनवतात.

दुसरा घोळ एकोणचा. एकोण म्हणजे एक कमी. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, पण पोरगं पन्नास ऐकतं आणि ५९ लिहून मोकळं होतं. त्याला पन्नास रुपये द्या, एक काढून घ्या, विचारा किती राहिले. नोटा आणि नाणी खरी घ्या, दहाच्या नोटा म्हणजे दशक आणि रुपयाची नाणी म्हणजे एकक, याच्यापेक्षा चांगलं शैक्षणिक साहित्य अजून निघालेलं नाही. आणि एखादं पोरगं नव्व्याण्णवला एकोणशंभर म्हणालं तर हसू नका, ते आपल्यापेक्षा शहाणं आहे, नियम त्यानं पाळलाय, भाषेनं मोडलाय.

रस्त्यावरनं जाताना गाड्यांचे नंबर वाचायला लावा. एमएच शून्य नऊ तर सगळीकडंच, ते सोडा, शेवटचे दोन आकडे वाचायचे. रंकाळ्याला चक्कर मारून येईपर्यंत पन्नास आकडे होतात, भेळ खायच्या आधी. मोबाईलवर गेम डाउनलोड करून देण्यापेक्षा हे बरं, फुकट आहे आणि डोळे पण बिघडत नाहीत.

शाळा मात्र बुडवू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तेव्हाचा एक रुपया! आता दंड नाही म्हणून काय आठ-आठ दिवस लग्नाला न्यायचं? हळदीपासून ते वरातीपर्यंत दुसरीतल्या पोराचं काय काम असतंय तिथं? ते परत येतंय तोवर वर्ग हातच्यापाशी पोचलेला असतो.

हातच्याचं सांगायचंच राहिलं की. हातचा पण तोच विषय आहे, दहा सुटे झाले की एक गठ्ठा बांधायचा आणि दशकाच्या घरात पाठवायचा. आम्ही ज्वारीच्या धाटाच्या काड्या आणि रबर वापरतो. घरी तुम्ही 'डोक्यावर एक' म्हणून शिकवता, चालतंय, फक्त तो डोक्यावरचा एक म्हणजे दहा आहे एवढं पोराला दाखवा. आणि ज्याचे चौकोन पक्के झाले नाहीत त्याला हातचा शिकवायची घाई नको. आधी ऐकू येतो एकक, पण आधी लिहायचा दशक, झालं ना पाठ?

छकुली आता चौथीला आहे, पन्हाळ्याच्या वेढ्याला ताठ बसणाऱ्यांतली. ते दिवाणजी दर संक्रांतीला शाळेत गुळाचा एक रवा पाठवतात, सोबत चिठ्ठी, रवे किती ते आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलेलं असतंय, "१, अक्षरी एक". माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'उलटा' या नावानं सेव्ह आहे, मुलगा म्हणतो, आई, हे काय नाव आहे?

घड्याळाचं मात्र राहून गेलं, ती काचेपलीकडची ताई केव्हाची बोट दाखवतेय. पावणे आणि सव्वा पुढच्या वेळी. नमस्कार.