लाल अंतरपाट

मेलबर्नमध्ये मी मॅरेज सेलिब्रंट म्हणून लग्ने लावते. धर्मगुरू किंवा सरकारी निबंधक नसलेल्या नागरिकांना हा अधिकार द्यायला १९७३ साली तत्कालीन ॲटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी सुरुवात केली, आणि आज ऑस्ट्रेलियातली बहुसंख्य लग्ने आमच्यासारखेच लोक लावतात.

आजची वधू मराठी आहे, वराचे घराणे मूळचे चिनी. दोन्ही घरांनी दिलेल्या विधींच्या याद्या नुसत्या जोडल्या असत्या, तर दिवेलागणीपर्यंत लग्न आटोपले नसते. काय गाळायचे हे ठरवणे, हेच माझे मुख्य काम. अर्धी सप्तपदी आणि चिनी लग्नातला अर्धा चहाचा विधी, अशी खिचडी मला पसंत नाही. मोजकेच विधी घ्यावेत, पण ते यथासांग व्हावेत.

सर्वाधिक खल झाला तो अंतरपाटावर. चिनी परंपरेत पांढरा रंग शोकाचा, त्यामुळे नातवासमोर शुभ्र कापड धरलेले वराच्या आजींना पाहवणार नव्हते. त्यावरच्या स्वस्तिकाला मात्र त्यांची हरकत नव्हती, कारण बौद्ध मंदिरांत ते त्यांनी जन्मभर पाहिले होते. शंका काढली ती वधूच्या वडिलांनी, कारण व्हिक्टोरिया राज्यात २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून नाझी स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आहे. हिंदू, बौद्ध आणि जैन धर्मीयांच्या वापराला त्याच कायद्याने दिलेली सूट मी त्यांना वाचून दाखवली. अखेर अंतरपाट लाल रेशमाचा ठरला, आणि लालावर कुंकू उठून दिसणार नाही म्हणून वधूच्या मावशीने पिवळ्या धाग्याने स्वस्तिक भरले.

होम मात्र गाळावा लागला. लग्न भर उन्हाळ्यात, बागेत. ऐनवेळी वणव्याच्या धोक्यामुळे टोटल फायर बॅन जाहीर झाला, तर उघड्यावर अग्नी पेटवता येत नाही. सप्तपदी तांदळाच्या सात राशींवरून होईल.

वधूच्या वडिलांनी जावयाचे पाय धुण्याचा विधीही गाळावा, असे खुद्द वराचे म्हणणे होते. त्याला संकोच वाटत होता. तो ठेवावा असा आग्रह मी धरला. कारण चिनी चहाच्या विधीत हाच जावई गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पेला धरून सासऱ्यांना चहा देणार आहे. एकाच दिवशी दोघांनीही एकमेकांपुढे वाकावे, ही सोय दोन परंपरा एकत्र आल्यामुळेच झाली आहे आणि ती दवडणे मला योग्य वाटत नाही.

‘सावधान’ म्हणताच अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात आणि मी पुढे होते. कायद्याने ठरवून दिलेल्या शब्दांत मी विवाहबंधनाच्या गांभीर्याची जाणीव करून देते, आणि मग दोघे उपस्थितांना साक्षी ठेवून एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करतात. महिनाभर आधी दिलेली नोटीस, दाखले, सगळे या दोन वाक्यांसाठी असते. कायद्याच्या दृष्टीने लग्न लागते ते याच वाक्यांनी, मंगलाष्टकांनी नव्हे. वऱ्हाडी मंडळींना हे सहसा पटत नाही, आणि पटावे असा माझाही हट्ट नसतो.

साक्षीदार म्हणून वधूचे मामा आणि वराची थोरली बहीण सही करतात. त्यानंतर चहा मांडला जाईल, आणि पहिला पेला वराच्या आजींना दिला जाईल.