हाक न मारलेले फंक्शन

पडद्यावरची ही ओळ लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनाची आहे. 'करंटमेमरीकॉन्टेक्स्ट' या व्हेरिएबलची व्याख्या कुठेही सापडली नाही, एवढे सांगून त्याने काम थांबवले आहे. बिल्ड होत होते ते 'पीजी_कंट्रोलडेटा', म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची कंट्रोल फाइल वाचून तिच्यातील नोंदी छापणारे छोटे साधन. सर्व्हर आपली मेमरी कशी हाताळतो याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही, आणि त्याच्या सोर्स फाइलमध्ये हे नाव कितीही शोधले तरी मिळत नाही.

ते मिळते 'पॅलॉक.एच' या हेडरमध्ये, म्हणजे अनेक सोर्स फाइली आपल्यात ओढून घेतात अशा सामायिक फाइलमध्ये. हे हेडर मुळात सर्व्हरसाठी लिहिलेले आहे. परंतु कंट्रोल फाइलची रचना कळण्यासाठी या साधनाला सर्व्हरचेच 'पोस्टग्रेस.एच' घ्यावे लागते आणि त्याच्या पाठोपाठ 'पॅलॉक.एच'ही येते. त्यात 'मेमरीकॉन्टेक्स्टस्विचटू' हे स्टॅटिक इनलाइन फंक्शन आहे, म्हणजे हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलला त्याची स्वतःची प्रत मिळते. त्याचे काम तीन ओळींत संपते: 'करंटमेमरीकॉन्टेक्स्ट'मधला चालू कॉन्टेक्स्ट, म्हणजे सर्व्हर सध्या जिथून मेमरी घेतो तो कप्पा, लक्षात ठेवायचा, नवा लावायचा आणि जुना परत द्यायचा.

अशा फंक्शनला त्या फाइलमध्ये कोणीच हाक मारत नसेल, तर जीसीसी हा कंपायलर ते ऑब्जेक्ट फाइलमध्ये, म्हणजे कंपाइल होऊन लिंकरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये, उतरवत नाही, मग ऑप्टिमायझेशन बंद का असेना. काही कंपायलर मात्र ते उतरवतात. त्यांचे हे वागणे जीसीसीवर पाहायचे असेल, तर '-एफकीप-इनलाइन-फंक्शन्स' हा पर्याय द्यावा लागतो, आणि येथे तो दिलेला आहे. ऑब्जेक्ट फाइलमधली नावे दाखवणाऱ्या 'एनएम'ने छापलेल्या यादीत फंक्शनच्या नावाआधी लहान 'टी' आहे, म्हणजे ते फाइलमध्ये आले. व्हेरिएबलच्या नावाआधी मोठा 'यू' आहे, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी पुरवायचे आहे. पुरवणारा सर्व्हर या बिल्डमध्ये नाही.

एक्स्प्रेशनमध्ये वापरलेल्या बाह्य नावाची व्याख्या प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे, असे सी भाषेचे प्रमाणक सांगते, आणि कंपायलर बनवणारे त्याकडे बोट दाखवू शकतात. तरीही हा कंपायलरचाच दोष मानला पाहिजे, कारण हेडरमधली सगळी इनलाइन फंक्शने प्रत्येक फाइल वापरेल अशी अपेक्षा कोणीच धरत नाही.

उपाय आता पडद्यावर आहे. फंक्शनच्या आधी '#इफएनडेफ फ्रंटएंड' आणि नंतर '#एंडइफ', म्हणजे 'फ्रंटएंड' ठरवलेले नसेल तरच मधला मजकूर घ्यायचा असे कुंपण, शिवाय काही कंपायलरांसाठी व्याख्या लपवणे भाग आहे असे सांगणारी टिप्पणी. 'पीजी_कंट्रोलडेटा' आपल्या पहिल्याच ओळींत 'फ्रंटएंड' हा मॅक्रो ठरवून घेते, त्यामुळे कुंपणाआतला मजकूर कंपायलरपर्यंत पोहोचतच नाही. कुंपण नसेल, तर अशा कंपायलरवर बिल्ड मोडते.

सर्व्हरच्या व्हेरिएबलला हात लावणारे नवे इनलाइन फंक्शन अशा सामायिक हेडरमध्ये आले की कुंपण पुन्हा घालावे लागते, आणि नेहमीच्या पर्यायांनी चालणारे जीसीसी त्याची आठवण करून देत नाही. पोस्टग्रेसच्या बिल्डफार्ममध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली, प्राण्यांची नावे दिलेली यंत्रे वेगवेगळ्या कंपायलरांवर हाच कोड पुन्हा पुन्हा बिल्ड करतात. अशी चूक वेळेवर उघडी पडायची असेल, तर त्यांत जुने, आडवळणाचे कंपायलरही चालू राहिले पाहिजेत.