खांदा डोक्याला लागला तेव्हा

निवेदन

(दृश्य : मेलन अरेना, पिट्सबर्ग, ७ मार्च २०१०. तिसरं सत्र, शेवटची सहा मिनिटं.)

पांढऱ्या जर्सीतल्या ९१ क्रमांकाकडे बघा. बॉस्टन ब्रुइन्सचा मार्क सव्हार्ड. सामना बर्फावरच्या हॉकीचा. पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली रबराची चकती, त्याच्या स्टिकवर आहे. तो फटका मारतो, पक गोलकडे सुटतो, आणि त्याची नजर पकच्या मागे जाते. आता काळ्या जर्सीतला २४ क्रमांक. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा मॅट कुक. तो सव्हार्डला दिसत नाहीये.

हेच दृश्य पुन्हा, सावकाश. कुकला पक मिळवायचा नाही, पक केव्हाच गेलाय. त्याचा खांदा सव्हार्डच्या छातीला लागत नाही, दंडालाही लागत नाही. थेट डोक्याला लागतो.

स्ट्रेचर आलं. सव्हार्डला बाहेर नेलं. पंचांनी कुकला मैदानाबाहेर बसायची शिक्षा दिली नाही. दोन मिनिटांचीसुद्धा नाही.

(दृश्य : रिंक, वरून. खेळाडूंच्या स्केट्स, कडेच्या फळ्या, काच.)

बर्फावरच्या हॉकीत धडक हा खेळाचाच भाग आहे. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असं हे बंदिस्त मैदान. बाजूला फळ्या, त्यांवर काच. ज्याच्याकडे पक आहे किंवा ज्यानं तो नुकताच सोडलाय, त्याला अंगानं धडकून पकपासून दूर करायची मुभा आहे. याला बॉडी चेक म्हणतात. चांगला चेक बघताना प्रेक्षक उभे राहतात आणि त्यात काही गैर नाही. खांद्याला खांदा भिडतो, एक जण फळीवर आदळतो, पुढच्या क्षणी दोघंही पकमागे धावतात. हा खेळ आम्हाला आवडतो तो या धडकांसकट. आमचं भांडण फक्त डोक्याशी आहे.

(दृश्य : फिलाडेल्फिया, २६ मे २०००.)

जुनी मंडळी सांगतात, मान वर ठेवून खेळ. खाली बघत मध्य मैदानातून पक आणलास, तर पुढचं तुझ्यावर. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पडद्यावर आहे. उपांत्य फेरीचा सातवा, निर्णायक सामना. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस निळी रेषा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राची हद्द, ओलांडतोय, नजर पकवर. समोरून न्यू जर्सी डेव्हिल्सचा कर्णधार स्कॉट स्टीव्हन्स. खांदा वर येतो, आणि लिंड्रोस बर्फावर आडवा. या धडकेसाठीही शिक्षा नव्हती. तेव्हाच्या नियमांत ती चोख बसत होती. लिंड्रोसच्या मेंदूला त्या मोसमात आधीच हादरे बसलेले होते. पुढचा अख्खा मोसम तो खेळला नाही. आणि स्टीव्हन्स? २००४ च्या जानेवारीत त्याचीही कारकीर्द थांबली, मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळेच.

मान वर ठेवायची जबाबदारी खेळाडूची आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण सव्हार्डची मान वरच होती.

(दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं. बोका रॅटन, फ्लोरिडा.)

निर्णय कॉलिन कॅम्पबेल यांच्या हातात होता. त्या वेळी नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे हे सगळे संघ खेळतात त्या व्यावसायिक स्पर्धेत, शिस्तभंगाचं काम ते बघत. त्याच आठवड्यात फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये सगळ्या संघांच्या सरव्यवस्थापकांची बैठक भरली होती. विषय होता डोक्यावरच्या धडका. कारण चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००९ मध्ये, फ्लायर्सच्या माइक रिचर्ड्सनं फ्लोरिडा पँथर्सच्या डेव्हिड बूथला अशीच धडक दिली होती आणि तिलाही निलंबन नव्हतं. कॅम्पबेल यांनी तोच दाखला पुढे केला. रिचर्ड्सला नाही, तर कुकला कसं? नियमात बसत नाही, विषय संपला.

पेंग्विन्सचे सरव्यवस्थापक रे शीरो यांनी मात्र त्याच बैठकीत नवा नियम हवा असं म्हटलं. स्वतःचा खेळाडू त्यात अडकलेला असताना हे बोलायला धैर्य लागतं, म्हणून त्यांचं नाव इथं मुद्दाम घेतोय.

१८ मार्चला पेंग्विन्स बॉस्टनला आले. बघा, खेळ सुरू होऊन फार वेळ झालेला नाही आणि ब्रुइन्सचा शॉन थॉर्नटन कुकसमोर उभा आहे. हातमोजे खाली पडले. लीगनं न्याय केला नाही की तो असा मुठींनी होतो. ज्यांना निलंबन जाचक वाटतं, त्यांनी ही पर्यायी व्यवस्था नीट बघावी.

आठवड्याभरात, २५ मार्चला, बाजूनं किंवा नजरेआडून डोक्यावर धडकणाऱ्यावर कारवाईची तरतूद लीगनं मोसम संपायची वाट न बघता लागू केली. पुढच्या मोसमात तो ४८ वा नियम झाला. २०११ मध्ये त्यातले ‘बाजूनं’ आणि ‘नजरेआडून’ हे शब्दही गेले. समोरून असो, कुठूनही असो, डोकं लक्ष्य केलं की गुन्हा.

(दृश्य : कुक, २०११ आणि २०१२.)

आता निलंबनाचा उपयोग काय, याचं उत्तर याच माणसाच्या कारकिर्दीत आहे. सव्हार्डनंतर शिक्षा नाही, त्यामुळे कुकचा खेळ बदलला नाही. २० मार्च २०११ ला त्यानं न्यूयॉर्क रेंजर्सच्या रायन मॅकडोनाच्या डोक्याला कोपर मारलं. या वेळी मोसमाचे उरलेले दहाही सामने आणि प्लेऑफची, म्हणजे मोसमानंतरच्या बाद सामन्यांची, पहिली फेरी, एवढं निलंबन. तो मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर शिक्षेची १२९ मिनिटं होती. पुढच्या मोसमात, सर्व ८२ सामने खेळून, ४४. गोल १९. हा तोच खेळाडू आहे, वजन तेच, ताकद तीच. २०१४ मध्ये गुडघ्यानं धडकल्याबद्दल त्याला पुन्हा सात सामने बाहेर बसावं लागलं, तेव्हा तो साधू झाला असं कोणी म्हणणार नाही. पण दहा सामन्यांनी जे केलं, ते समज देऊन झालं नसतं.

राफी टोरेस या दुसऱ्या खेळाडूवर मात्र असा परिणाम झाला नाही, हे खरं आहे. २०१२ मध्ये २५ सामन्यांचं निलंबन, अपिलात २१ झाले. २०१५ मध्ये पुन्हा डोक्यावर धडक. मग ४१ सामने, म्हणजे अर्धा मोसम. त्यानंतर या लीगच्या सामन्यात तो दिसला नाही.

(दृश्य : न्यूयॉर्क, पडद्यांची खोली. शॅनहॅनचा व्हिडिओ.)

हे ब्रेंडन शॅनहॅन. स्वतः तीन वेळा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेले. २०११ मध्ये खेळाडू सुरक्षा विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रं यांच्याकडे आली. त्यांनी एक मोठी गोष्ट केली. प्रत्येक निलंबनाचं कारण कॅमेऱ्यासमोर सांगायला सुरुवात केली. धडक दाखवायची, थांबवायची, इथं खांदा कुठं आहे, इथं डोकं कुठं आहे, म्हणून इतके सामने. बंद खोलीतला निकाल असा घरोघरी पोचला.

पाचपेक्षा जास्त सामन्यांची शक्यता असेल तर खेळाडूला समोरासमोर सुनावणी मागता येते. निलंबनाच्या काळातला पगार कापला जातो आणि तो खेळाडूंच्या आपत्कालीन मदत निधीत जमा होतो. अपील आधी लीगच्या आयुक्तांकडे. सहा किंवा अधिक सामने असतील तर पुढे तटस्थ लवादाकडे. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनला निलंबनाचे २० सामने मिळाले. लवाद श्याम दास यांनी ते १४ वर आणले. तोवर विल्सनचे १६ सामने बाहेर बसून झाले होते.

(दृश्य : धडकांचे तुकडे, एकामागून एक.)

एवढी यंत्रणा असूनही बघा. ही धडक, आणि ही. दोन्हींत डोकं. एक खेळाडू उठला, एक उठला नाही. सामने ठरवताना दुखापत किती झाली हे मोजलं जातं. शिवाय ४८ व्या नियमात एक पळवाट आहे: डोक्याशी झालेला संपर्क ‘टाळता येण्याजोगा’ असायला हवा. समोरच्यानं ऐन वेळी मान वळवली का, तो वाकला होता का, धडकणाऱ्याचा रोख अंगावर होता का. या प्रश्नांत तास जातात आणि अनेकदा धडकणारा सुटतो. 

(दृश्य : सव्हार्ड, मे २०१०, फ्लायर्सविरुद्ध जादा वेळेतला विजयी गोल.)

सव्हार्ड परतला, हा गोल केला. जानेवारी २०११ मध्ये डेन्व्हरला पुन्हा हादरा बसला आणि ३३ व्या वर्षी त्याचा खेळ थांबला.

(दृश्य : लहान मुलांचा सराव.)

कॅनडात २०१३ पासून अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत बॉडी चेकला बंदी आहे. ही मुलं मोठी झाली की ४८ व्या नियमाखाली खेळतील. त्यातून ‘टाळता येण्याजोगा’ हा शब्द काढा, आणि डोक्याला लागलेल्या प्रत्येक खांद्याला किमान एका सामन्याचं निलंबन ठेवा, खेळाडू उठो वा न उठो. सरव्यवस्थापकांची मार्चमधली बैठक आजही भरते. हा विषय तिथं मांडला गेला पाहिजे.