कटआउट ‘डायरेक्ट’ करू नका

(मुलुंड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गिझरचा कटआउट कसा बदलावा’. कटआउट म्हणजे पाणी अति तापलं की वीज तोडणारा भाग. तिथे येतोच. पण आधी वहिनीच्या पार्ल्याच्या घरचा किस्सा ऐका, नाहीतर मला आज झोप लागायची नाही.

जानेवारी महिना. पारा जरा खाली आला की आपण मुंबईकर लगेच माकडटोपी शोधतो. (हशा) हसू नका, पहिल्या रांगेत आत्ताही एक दिसतेय. तर नेमका तेव्हाच गिझर बंद. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस आला, खालचं झाकण काढलं, थोडी खुडबुड केली. पाणी गरम, वहिनी खूश, पैसे घेऊन स्वारी पसार. काही दिवसांनी मला फोन, “भावोजी, नळातून आधी फस्स करून वाफ येते, मग पाणी!”

मी जाऊन झाकण उघडलं. कटआउट जागेवर, पण त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप. टेपचा डिंक उष्णतेने ओघळलेला. दुकानात फोन लावला, तर मलाच ऐकवतात, “काका, पाणी गरम येतंय ना? तो सारखा पडत होता, म्हणून डायरेक्ट केला.”

अहो, सारखा पडत होता म्हणजे सारखी वीज तोडत होता, इमानेइतबारे काम करत होता! कुकरची शिट्टी फार होते म्हणून तिच्यावर कोणी वरवंटा ठेवतं का? साध्या दाबाला एक लिटर पाण्याची 1,600 लिटरच्या वर वाफ होते. बंद टाकीत ती जाणार कुठे? सेफ्टी व्हॉल्व्हमधून. आणि तोच क्षाराने चिकटलेला असला तर? वहिनीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “आधी चहा घ्या.”

माझा भाचा कॅनडात असतो. तिथे घर उबदार ठेवायला फर्नेस. त्यातही असाच हाय-लिमिट स्विच. तो सारखा पडायला लागला, तेव्हा हा नवा स्विच मागवायला निघाला होता. दोष निघाला धुळीने बुजलेल्या फिल्टरचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, भराभर सांगतो.

पाणी रोज ठरलेल्या तापमानाला थांबवतो तो थर्मोस्टॅट. त्याचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटले की पाणी तापतच राहतं, मग त्याच्या वरच्या मर्यादेला कटआउट वीज तोडतो. बहुतेकांत तो हाताने बटण दाबून पूर्ववत करावा लागतो. ते मुद्दामच आहे. माणसाने येऊन बघावं म्हणून. टँकरच्या पाण्याने एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांबीवर, क्षार साचले, थर्मोस्टॅटची दांडी जागेवरून सरकली, टाकी रिकामी असताना गिझर लावला, यातलं काहीही असू शकतं.

बदलताना एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडा. गिझरच्या भिंतीवरच्या नुसत्या बटणावर विसंबू नका. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि आत फेज जिवंत राहतो. टेस्टर लावा, वायरींचा फोटो काढा. गार कटआउट मल्टिमीटरवर तपासा. कटआउटचं बटण दाबूनही सलगता मिळत नसेल, म्हणजे त्यातून वीज आरपार जात नसेल, तर तो गेला. नवा त्याच तापमानाचा, त्याच अँपिअरचा आणा. काही गिझरमध्ये थर्मोस्टॅट आणि कटआउट एकत्रच येतात. तापमान ओळखणारी बारीक तांब्याची नळी असेल तर ती मुडपू नका, टोक खोबणीत पूर्ण बसवा. वायरींची जळकी टोकं कापून नवे लग, म्हणजे टोकाला बसवायचे धातूचे तुकडे, लावा. नळाला सलग धार आली की मगच एमसीबी वर करा.

आणि नवाही आठवड्यात पडला, तर तिसरा आणू नका, थर्मोस्टॅट बघा. अर्थिंगबद्दलही बोलायचं... हो, हो, थांबतो. कार्यकर्ते माइककडे निघालेच आहेत.